आबांचा घसा बसला तेव्हा

राखण रविवारी होती आणि आबांचा आवाज शुक्रवारी गेला.

थोडाथोडका नाही, पार गेला. सकाळी उठून त्यांनी नेहमीसारखी "सुंदरे, चाय!" अशी आरोळी ठोकायला तोंड उघडलं, तर आतून नुसता वारा आला. सुंदराबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. आबांनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा वारा. तिसऱ्या वेळी त्यांनी स्टुलावरचा तांब्या आपटला, तेव्हा बाई बाहेर आल्या, नवऱ्याचं उघडमीट करणारं तोंड जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय ता सावकाश सांगा. घाई नाय माका."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य म्हणायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी ती पुरेपूर घेतली आणि पुन्हा तांदळाकडे गेल्या.

आबा, अर्थात धोंडिराम धुरी, म्हणजे आवाज, असं बोरिवलीच्या काजूपाड्यात कुणीही सांगितलं असतं. गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, असताना शंभर मागांच्या खडखडाटात त्यांची हाक टोकाच्या मागापर्यंत जायची. पुढे संपात गिरणी गेली, पगार गेला, आवाज मात्र जिथल्या तिथे राहिला. बोरिवलीत मालवणकडच्या कुणाच्याही घरी कार्य असलं की गाऱ्हाणं घालायला आबाच लागत. देव तिकडे कोकणात, आपण इकडे. मधे एवढे घाट आणि एवढ्या खाड्या. मग त्याला ऐकू जायला नको? आबांचं म्हणणं एवढंच होतं, आणि ते ते फार मोठ्याने म्हणत.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेलं साकडं. एकाने मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. धुऱ्यांच्या घरात वर्षाच्या राखणीला, म्हणजे घराच्या राखणदाराला कोंबडा देतात त्या दिवशी, या "व्हय"ला फारच वजन होतं. राखणदारासमोर एकदा का सगळे "व्हय" म्हणाले की तो शब्द मोडायचा नाही. मोडला तर काय होतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण आजवर कुणी मोडलाच नव्हता. आबांच्या धाकट्या भावाने अशाच एका गाऱ्हाण्यात विडी सोडली होती आणि बिचाऱ्याने पुढची अकरा वर्षं तपकिरीवर काढली होती. शिंकत शिंकतच गेला, पण विडीला हात लावला नाही.

आणि यंदा आबांनी गाऱ्हाण्यात एक नवी ओळ घालायचं ठरवलं होतं. त्याच भावाची सून, म्हणजे पुतण्या बाळाची बायको सुलक्षणा, हिचं हॉलातलं गाणं कायमचं बंद.

सुलक्षणा सिल्व्हर मून ऑर्केस्ट्रात गायची. गोराईच्या लग्नांतले डान्स, शनिवारचे हॉलमधले डान्स, साखरपुडे, हळदी. जिथे माणसं नाचायला जमत, तिथे तिचा आवाज असायचा. पोस्टरवर तिचं नाव "डान्स क्वीन मिस सुलक्षणा" असं छापलेलं असे. या "मिस"वरून घरात वर्षभर रामायण चाललं होतं, कारण मिसचा नवरा धडधाकट होता आणि त्याच स्टेजच्या मागे वायरी ओढत असायचा. "मी तक्रार करतोय का?" असं बाळा विचारायचा. पण बाळाने तक्रार केली नाही हीच आबांची मोठी तक्रार होती.

त्यातून आता कॅसेट निघत होती. राखणीनंतरच्या बुधवारी अंधेरीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग होतं, आठही गाणी नाचायची, आठही तिचीच.

आबांना विचारलं असतं तर त्यांनी टिकल्यांचा ड्रेस सांगितला असता, घराण्याची अब्रू सांगितली असती, नाचणारी पोरं सांगितली असती. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. महिन्यापूर्वी दहिसरला एका लग्नात ते पंगतीत बसले असताना पलीकडचा माणूस शेजाऱ्याला म्हणाला होता, "ते बघ, मिस सुलक्षणाचे चुलत सासरे." उभ्या आयुष्यात आबा गाऱ्हाणेवाले धुरी होते. आता ते कुणाचे तरी चुलत सासरे झाले होते. त्यांना हेवा वाटला होता, साधा, सरळ, पोरकट हेवा, आणि त्या दिवशी त्यांना जिलबीसुद्धा गोड लागली नव्हती.

म्हणून त्यांनी माणसं बांधायला घेतली. भावाची विधवा विमला म्हणाली, "माका काय, तुम्ही म्हणशात ता." मुलगी पद्मजा लगेच तयार झाली, कारण सुलक्षणाने तिला बारशाला नेसायला टिकल्यांची साडी दिली नव्हती. जावई नंदकिशोर मुलुंडला राहायचा, सरकारी कचेरीत होता आणि कुठल्याही बाबतीत सरळ उत्तर द्यायचा नाही. तोही म्हणाला, "तत्त्वतः मी तुमच्या बाजूने आहे." सुंदराबाईंना विचारायचं आबांच्या डोक्यातच आलं नाही. त्या गेली चाळीस वर्षं "व्हय"च म्हणत होत्या.

राहता राहिली ती ओळ. जुनं गाऱ्हाणं आबांना झोपेत येत होतं, पण ही नवी ओळ जिभेवर बसेना. तेव्हा त्यांनी गच्चीवर जाऊन तालीम सुरू केली. सोमवारी नुसती म्हटली. मंगळवारी हात वर करून म्हटली. बुधवारी वारा समोरून होता म्हणून त्यांनी जरा जास्तच जोर लावला. गुरुवारी ती अशी काही जमली की खूश होऊन त्यांनी खाली उतरून एकामागून एक तीन कुल्फ्या खाल्ल्या. आणि शुक्रवारी वारा.

शनिवारी दुपारी सुलक्षणा वर आली. तिच्या हातात ज्येष्ठमधाची पुडी, खडीसाखर आणि वाफ घ्यायचं पातेलं होतं.

"आ करा," ती म्हणाली.

आबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आबा, आ करा. मी पण रोज करते, त्यात लाजायचं काय?" तिने बॅटरी मारून आत बघितलं. "अगाई गं! लालभडक झालाय. आता बोलायचं नाही. आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने जास्त बसतो."

आबांनी नातवाची पाटी ओढली आणि लिहिलं : 'उद्या मी काय म्हणणार ता तुका म्हायत आसा?'

"मला कशाला, अख्ख्या काजूपाड्याला माहीत आहे. चार दिवस गच्चीवरून ऐकतोय आम्ही."

आबा जरासे ओशाळले. मग त्यांनी लिहिलं : 'मग औषद कशाक?'

"घशाने काय कुणाचं घोडं मारलंय?" सुलक्षणाने पातेल्यावर टॉवेल धरला. "घ्या वाफ."

टॉवेलखाली आबांना काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "भीती वाटते मला, आबा. खोटं कशाला बोलू? आठ गाणी बसवलीत मी. पण तुम्ही म्हणालात आणि सगळे व्हय म्हणाले, तर मी मोडणार नाही. माझ्या सासऱ्यांनी विडीचं नाही मोडलं, मी कोण मोडणारी? सोमवारीच चंद्रप्रकाशला फोन करून सांगेन, दुसरी बघ."

चंद्रप्रकाश म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक. आबांनी टॉवेलखाली मान हलवली. ती तिला दिसली नाही आणि त्यांनाही तिचा अर्थ कळला नाही.

रविवारी सकाळी अकरापर्यंत सगळी माणसं जमली आणि घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. राखणीचा कोंबडा दोन दिवस बाथरूममध्ये बांधलेला होता. त्यामुळे प्रत्येकाने त्याच्या नजरेला नजर देत अंघोळ उरकली होती, आणि आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेल्या नंदकिशोरने तर ती करायचीच नाकारली होती. वड्यांचं पीठ भिजलं होतं, वाटण तयार होतं. तयार नव्हता तो फक्त आबांचा घसा.

"आवाज आला का?" नंदकिशोरने विचारलं.

आबांनी "आ" केला. काहीतरी आलं, पण ते दाराच्या बिजागरीला येतं तसलं होतं.

"वाट लागली," बाळा म्हणाला.

"आता गाऱ्हाणं कोण घालणार?" पद्मजाने विचारलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"मी जावई. दुसऱ्या घराण्याचा. मला अधिकारच नाही." नंदकिशोरने दोन्ही हात झटकले. अधिकार नसल्याचा इतका आनंद त्याला कचेरीतसुद्धा होत नसावा. "नियमाने बाळाने घालायला हवं."

बाळाला पुढे ढकललं. बिल्डिंगच्या मागे आंब्याच्या बुंध्याशी नारळ, तांदूळ आणि कोंबडा असं सगळं मांडलं होतं. बाळाने हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत सुरुवात केली, "बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज वर्षाप्रमाणा..." बाळा अडला. त्याला घाम फुटला. ऑर्केस्ट्रात वायरी ओढून झाल्या की निवेदनही तोच करायचा, आणि घाबरल्यावर तोंडातून सवयीचं तेच बाहेर पडलं. "आज वर्षाप्रमाणे तुमच्यासमोर घेऊन येत आहोत, लेडीज अँड जंटलमन..."

आबांनी कपाळावर हात मारला. कोंबड्याने पंख फडफडवले.

"सॉरी, सॉरी! थांबा, आयडिया आहे," बाळा म्हणाला. "मागच्या वर्षीचं आबांचं गाऱ्हाणं मी टेप केलंय. तेच लावू. आबांचाच आवाज, आबांचंच गाऱ्हाणं. झकास!"

टेपवर गाऱ्हाणं चालतं का यावर नंदकिशोरने पाच मिनिटं भाषण केलं आणि शेवटी "चालावं, पण खात्री नाही" असं ठरवलं. बाळाने टेपरेकॉर्डर आंब्याखाली ठेवला आणि बटण दाबलं. कॅसेट खरखरली. मग त्यातून आबांचा मागच्या वर्षीचा आवाज असा काही गरजला की आबा स्वतःच दचकले.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज वर्षाप्रमाणा धुऱ्यांची लेकरां तुझ्या पायाकडे इली हत!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी डोळे मिटले होते. आबांचेही मिटले होते. डोळ्यांच्या कडा जरा ओल्याही झाल्या होत्या, कारण गेलेला आवाज असा समोर ऐकू आला की माणसाला वाईट वाटतंच. तेवढ्यात कॅसेटमध्ये खट्कन वाजलं, ढोलकी कडाडली आणि सुलक्षणाचा आवाज अख्ख्या कंपाउंडात घुमला.

"मोटारवाल्या रे दादा, हॉर्न वाजव पोम पोम!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

डोळे मिटलेले, हात जोडलेले, लागलेली सवय. कुणाला थांबता आलं नाही.

"पोम पोम पोम!"

"व्हय म्हाराजा!"

बाळाने धडपडत टेप बंद केला. "तिची प्रॅक्टिस होती ती... मला वाटलं कोरी कॅसेट आहे..."

"माझ्या गाऱ्हाण्यार?" आबा ओरडले. म्हणजे ओरडण्याचा आकार केला. शब्द सगळ्यांना ओठांवरून कळले.

"आता राखणदार सगळ्यांका मोटारी देतलो," सुंदराबाई शांतपणे म्हणाल्या. "कबूल करून बसलो आपण."

पोरं खदखदून हसली, पद्मजालाही हसू आवरेना. आबांच्या लक्षात आलं की आपल्या बाजूच्या माणसांनी असं हसणं बरं नव्हे. त्यांनी एकेकाकडे डोळे वटारून बघितलं. पण आवाजाशिवाय डोळे वटारले की ते नुसतेच मोठे दिसतात.

मग विमलाच बोलली. ती एरवी कुठल्या भानगडीत पडायची नाही. "सुलक्षणाक सांगा ना. आबा तिच्या कानात सांगतले, ती मोठ्यान म्हणात."

"बाईने गाऱ्हाणं?" नंदकिशोर चमकला. "तत्त्वतः..."

"शब्द तेंचे, आवाज तिचो," सुंदराबाईंनी त्याला तोडलं. "शिनेमात नाय काय करत?"

"प्लेबॅक!" बाळा ओरडला.

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा आधी नकाराची मान हलवणार होते, पण ती अर्ध्यावर थांबली. त्यांच्या डोक्यात एक लख्ख विचार आला. ती ओळ हिच्याच तोंडून येणार. हीच स्वतः म्हणणार, आणि सगळे व्हय म्हणणार. याहून पक्कं काय असणार? आबांना मनातल्या मनात इतकी गंमत वाटली की त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि होकार दिला.

सुलक्षणाने पदर खोचला. तिला कळलं होतं. आबांनी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं, पण कान पुढे करताना तिने एक मोठा श्वास घेतला तो त्यांना ऐकू आला.

"शब्द बदलूचो नाय हां," त्यांनी फुसफुसत बजावलं.

"दुसऱ्याचं गाणं मी कधी बदलत नाही, आबा," ती म्हणाली.

आबांनी कानात पहिली ओळ सोडली. तिने ती उचलली.

"बा राखणदारा म्हाराजा!"

आबांना वाटलं होतं, ही स्टेजवरच्यासारखं काहीतरी लाडिक करील. तिने तसलं काही केलं नाही. आवाज छातीतून निघाला आणि थेट वर गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या शहांची खिडकी उघडली. ते कोंबड्याबद्दल तक्रार करायला आले होते, पण तसेच उभे राहिले.

"गाव सोडलो, घर सोडला, पण तुका नाय सोडला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी शेजारच्या बिल्डिंगमधूनही आलं.

मग ती लांब ओळ आली. आबा ती दर वर्षी तीन तुकड्यांत म्हणत आणि तिसऱ्या तुकड्याला त्यांना खोकला येई. त्यांनी तुकडे करूनच सांगितली. सुलक्षणाने ती पुरती ऐकून घेतली आणि एका दमात म्हटली.

"जी लेकरां बोरिवलेक आसत, जी मुलुंडाक आसत, जी चेंबुराक आसत, जी दर्याच्या पलीकडे बोटीर आसत, जी कामार आसत आणि जी गिरण बंद झाली म्हणान घरात बसली हत, त्या सगळ्यांच्या ताटात भात आणि डोक्यार छप्पर ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आबा तिच्या पोटाकडे बघत राहिले. हिने श्वास घेतला कुठे? ही ओळ त्यांच्या बापाची होती. गिरणीचा तुकडा तेवढा त्यांनी स्वतः संपाच्या वर्षी जोडला होता. दर वर्षी ते हा तुकडा धाडधाड म्हणून मोकळे व्हायचे, कारण हळू म्हटला तर घसा दाटायचा. आज तो पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. आपण घरात बसलो आहोत हे कुणीतरी देवाला नीट सांगितलं, असं त्यांना वाटलं. विमला पदराने डोळे पुसत होती. नंदकिशोर घड्याळ बघायचं विसरला होता.

आता पुढची ओळ ती होती.

आबा अडखळले. पण चार दिवस गच्चीवर घासलेली ओळ, ती जिभेवर तयारच होती. त्यांनी ती कानात सोडली आणि सोडता सोडताच त्यांना ती आधीच्या ओळीपुढे लहान वाटली.

सुलक्षणाने डोळे मिटले. एक क्षण वाटलं, ही आता म्हणणार नाही. मग तिने मान वर केली.

"घरच्या सुनेचा ह्या हॉलातला गाणा आजपासून कायमचा बंद होवंदे रे म्हाराजा!"

म्हटली ती अशी म्हटली की गाऱ्हाण्यातली सगळ्यात सुरेख ओळ तीच ठरली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही, एक सूर कमी नाही. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला आणि मग कंपाउंडात काहीच ऐकू आलं नाही.

कुणी "व्हय" म्हटलं नाही.

मघाशी मोटारीच्या हॉर्नलाही "व्हय" म्हणालेली माणसं! नंदकिशोरच्या तोंडातून "व्ह..." एवढं निघालं, पण पद्मजाने त्याला असा चिमटा काढला की पुढचं आतच राहिलं. विमला नारळाच्या शेंडीकडे टक लावून बघत होती. बाळाने खाली बसून उगाच टेपची वायर गुंडाळायला घेतली. आबांनी सगळ्यांकडे बघून हात उडवले : म्हणा की! मग सुलक्षणाच्या कोपराला हात लावला : परत म्हण.

तिने परत म्हटली. दुसऱ्यांदा तर आणखी छान म्हटली. वरून शहा चुकून "वाह" म्हणाले आणि त्यांच्या बायकोने त्यांना आत ओढलं.

शेवटी आबा थेट सुंदराबाईंकडे वळले. चाळीस वर्षांचा हक्काचा "व्हय". त्यांनी भुवया उंचावल्या.

सुंदराबाईंनी घशाला हात लावला. "माझो घसो बसलो," त्या चांगल्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या.

"माझो पण," विमला म्हणाली. "सकाळपासून बोलूक येणा नाय."

"साथ आहे साथ," पद्मजा म्हणाली.

"तत्त्वतः मी बोलू शकतो," नंदकिशोर म्हणाला, "पण मी दुसऱ्या घराण्याचा."

आता मोठीच पंचाईत झाली. गाऱ्हाणं "व्हय"शिवाय पुढे सरकत नाही. ते पुढे सरकल्याशिवाय राखण पुरी होत नाही, आणि राखण पुरी झाल्याशिवाय चूल पेटत नाही. पोरं भुकेने कुरकुरू लागली. आबा मधोमध उभे होते. आयुष्यात कधी कुणी त्यांना "नाही" म्हटलं नव्हतं, आणि आत्ताही म्हटलं नव्हतं. नुसतं "हो" म्हणायचं राहिलं होतं.

त्यांनी सुलक्षणाकडे बघितलं. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. त्यांना वाटलं होतं तशी ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. ती पुढच्या ओळीची वाट बघत होती. सांगतील ते म्हणायचं, एवढंच तिच्या तोंडावर होतं. आबांना लाज वाटली.

"आबा, पुढे काय?" तिने हळूच विचारलं.

आबांनी एकदा आंब्याच्या बुंध्याकडे बघितलं. मग कानाशी वाकले.

"म्हाताऱ्याकडसून काय चुकलामाकला आसात," सुलक्षणाचा आवाज पहिल्यांदाच किंचित हलला, "तर तेका पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

असा "व्हय" काजूपाड्यात कधी झाला नव्हता. आंब्यावरचे कावळे उडाले. बसलेले सगळे घसे एकदम मोकळे झाले होते आणि सुंदराबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आबांनी त्यांच्याकडे रागाने बघितलं. एवढ्या जोरात म्हणायची गरज होती का?

माणसं पांगायला लागली, बाळा कोंबड्याकडे वळला. पण आबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. अजून एक ओळ होती. त्यांनी ती सुलक्षणाच्या कानात सांगितली.

सुलक्षणाने तोंड उघडलं आणि तिला म्हणता येईना. तिने पुन्हा प्रयत्न केला. डोळे भरून आले होते आणि गळ्यातून काहीच बाहेर येत नव्हतं. डान्स क्वीन मिस सुलक्षणा, हजार माणसांसमोर रात्ररात्र गाणारी, आंब्याखाली तोंड उघडं टाकून उभी राहिली.

मग आबांनी धोतर सावरलं, छाती पुढे काढली, दोन्ही हात कोकणाच्या दिशेने उभारले आणि असेल नसेल तेवढा जोर लावून ती ओळ स्वतः म्हटली. 'बुधवारी हिचो घसो सांभाळ रे म्हाराजा.' ओठ हलले, मिशी हलली, मानेच्या शिरा टरारल्या. आवाजाचा एक टिपूसही आला नाही.

"व्हय म्हाराजा!" सगळे एकमुखाने ओरडले. वरून शहाही ओरडले.

नंदकिशोरने बायकोला कोपराने ढोसलं. "काय म्हणाले ते? आपण कशाला व्हय म्हटलं?"

पद्मजाने आईकडे बघितलं. सुंदराबाई पदराला हात पुसत चुलीकडे निघाल्या होत्या.

"माका काय म्हायत?" त्या म्हणाल्या. "पण आता मोडूचा नाय."